स्लॅबच्या पलीकडे वायफाय: तीन मजल्यांच्या घरात मेश बसवताना

रो-हाउस, तळमजला अधिक दोन मजले. फायबर रस्त्याकडच्या भिंतीतून आत येते आणि हॉलच्या कोपऱ्यात, टीव्हीच्या युनिटमागे, इंटरनेट कंपनीचा ओएनटी लावलेला. ओएनटी म्हणजे फायबर जिथे संपते तो डबा. घराचं वायफायही तोच देतो. प्लॅन ३०० एमबीपीएसचा. हॉलमध्ये सगळं सुरळीत चालतं, पहिल्या मजल्यावरच्या मागच्या खोलीत ऑनलाइन मीटिंग अडखळते आणि दुसऱ्या मजल्यावर मोबाइल डेटा चालू करावा लागतो. पुणे, नाशिक, कोल्हापूर, कुठल्याही शहराच्या उपनगरात अशी घरं रांगेने आहेत आणि अडचणही हीच आहे. मेश म्हणजे घरात ठिकठिकाणी ठेवलेले, मिळून एकच वायफाय पसरवणारे डबे. त्यातल्या प्रत्येक डब्याला नोड म्हणतात. या घरात मेश बसवताना काय केलं, कोणत्या क्रमाने आणि का, ते इथे लिहितो आहोत.

मेशचा खोका चौरस फुटांच्या हिशेबावर विकला जातो. तीन नोड, अमुक हजार चौरस फूट. तो आकडा मोकळ्या जागेचा किंवा हलक्या पार्टिशनच्या घरांचा असतो. आपल्याकडे नऊ इंची विटांच्या भिंती, आरसीसीचे बीम आणि सळयांच्या जाळीचा स्लॅब असतो. शिवाय नोड स्वतः इंटरनेट तयार करत नाही. त्याला जेवढं पोचतं तेवढंच तो पुढे देतो. त्यामुळे या कामातला मोठा भाग नोडपर्यंत इंटरनेट नीट पोचवण्याचा होता. नोड मांडणं आणि अ‍ॅपमध्ये सेटिंग करणं हा सोपा भाग.

सगळ्यात आधी वायफाय बाजूला ठेवून तारेवर मोजणी केली. लॅपटॉप लॅन केबलने थेट ओएनटीला जोडला, ओएनटीचं वायफाय बंद केलं आणि स्पीड टेस्ट घेतली. प्लॅनच्या आसपासचा वेग मिळाला, म्हणजे बाहेरून येणारी लाइन ठीक आहे. इथेच वेग कमी दिसला तर मेशवर एक रुपयाही खर्च करू नये, आधी कंपनीकडे तक्रार नोंदवावी. ओएनटीच्या सेटिंग पानावर फायबरमधून येणाऱ्या प्रकाशाची पातळी दिसते. घरगुती जीपॉन लाइनवर (घरोघरी फायबर देण्याची नेहमीची पद्धत) ती साधारण उणे १५ ते उणे २४ डीबीएमच्या (सिग्नलच्या शक्तीचं माप) दरम्यान असेल तर काळजी नाही. उणे २७ च्या पलीकडे गेली की लाइन तुटत-जोडत राहते. तेव्हा दोष बहुतेक वेळा मळलेल्या कनेक्टरचा किंवा दाबल्या गेलेल्या फायबरचा असतो.

मग वायफायची मोजणी. मोबाइलवरच्या पट्ट्यांवर विसंबू नये. किती सिग्नलला किती पट्ट्या दाखवायच्या हे प्रत्येक कंपनी आपापलं ठरवते. अँड्रॉइडवर वायफाय अ‍ॅनालायझर किंवा वायफायमॅन यांसारखी मोफत अ‍ॅप्स सिग्नल थेट डीबीएममध्ये दाखवतात. हा आकडा उणे असतो आणि शून्याच्या जितका जवळ तितका चांगला. उणे ५० म्हणजे उत्तम, उणे ६० म्हणजे चांगला. व्हिडिओ कॉल न अडखळता चालायला उणे ६७ किंवा त्याहून बरा हवा. उणे ७५ ला मेसेज जातात, कॉल तुटतो. उणे ८० च्या खाली जोडणी नुसती नावाला उरते. हे मोजमाप लॉगरिदमिक आहे, हे लक्षात ठेवलं तर पुढचं सगळं कळतं: ३ डीबी कमी झाले की शक्ती निम्मी, १० डीबी कमी झाले की एक दशांश. त्यामुळे उणे ६० आणि उणे ७० यांत दहापट फरक असतो.

घराचा नकाशा कागदावर काढून प्रत्येक खोलीत, माणूस प्रत्यक्ष जिथे बसतो तिथे, ५ गिगाहर्ट्झचा आकडा लिहिला. वायफायचे नेहमीचे दोन पट्टे, म्हणजे बँड: २.४ गिगाहर्ट्झ लांब पोचतो, ५ गिगाहर्ट्झ वेगवान. हॉलमध्ये उणे ४२. मागच्या स्वयंपाकघरात उणे ६४, कारण मध्ये एक नऊ इंची भिंत आणि फ्रीज. हॉलच्या थेट वरच्या बेडरूममध्ये उणे ६८. पहिल्या मजल्यावरच्या मागच्या खोलीत उणे ८१. दुसऱ्या मजल्यावर ५ गिगाहर्ट्झ दिसतच नाही, २.४ गिगाहर्ट्झ मात्र उणे ८० ला कसाबसा दिसतो. मोजताना दार नेहमी असतं तसंच ठेवावं आणि फोन छातीच्या उंचीवर धरून अर्धा मिनिट थांबावं. चालता चालता घेतलेला आकडा आधीच्या खोलीचा असू शकतो.

हे आकडे भिंतींची भाषा बोलतात. चार इंची विटांची भिंत ५ गिगाहर्ट्झचे पाचेक डीबी खाते, नऊ इंची भिंत त्याच्या दुपटीच्या आसपास, आणि सळयांचा स्लॅब १५ ते २५. लहर तिरकी गेली की भिंतीतलं अंतर वाढतं, म्हणून थेट वरची खोली बरी आणि तिरक्या रेषेतली मागची खोली वाईट. बाथरूम तर खास लक्षात घ्यावं. खालचा संक, म्हणजे खोलगट केलेला, स्लॅब, त्यातला विटांचा भराव, पाण्याचे पाइप, टाइल्स आणि वर मोठा आरसा, या सगळ्यांतून सिग्नल जाईल अशी आशाच करू नये. लोखंडी कपाट, फ्रीज, माळ्यावर रचलेली स्टीलची भांडी, मोठा टीव्ही हेही धातूचे पडदेच. कोकणात आणि गोव्यात चिऱ्याच्या जाड भिंती असतात आणि पावसाळ्यात त्या पाणी धरतात. ओल्या भिंतीतून सिग्नल आणखी कमी जातो. अशा घराची मोजणी एप्रिलमध्ये केली असेल तर आकड्यांत पावसाळ्यासाठी काही डीबी हातचे राखावेत.

खर्च करण्याआधी फुकटात जे होतं ते केलं. ओएनटी टीव्हीमागून काढून युनिटच्या वर, डोक्याच्या उंचीवर मोकळ्या भिंतीवर घेतला. एवढ्यानेच स्वयंपाकघरातला आकडा ५ डीबीने सुधारला. ओएनटी हलवताना फायबर मात्र जपावं लागतं. आतली काच केसाएवढी असते, तिला बांगडीपेक्षा लहान वेटोळं द्यायचं नाही आणि खिळ्याने किंवा घट्ट टायने आवळायची नाही. जास्त लांब न्यायची असेल तर हिरव्या टोकाचा, म्हणजे एससी-एपीसी प्रकारचा, तयार पॅचकॉर्ड (दोन्ही टोकं बसवलेली केबल) आणि जोडणारा कपलर मिळतो. निळ्या टोकाचा चालत नाही. त्याचं तोंड सरळ कापलेलं असतं, हिरव्याचं आठ अंशांत तिरकं. दोन्ही एकमेकांत बसतात, पण प्रकाश वाया जातो. ओएनटीला बाहेर अँटेना असतील तर सगळ्या उभ्या ठेवाव्यात, कारण उभी अँटेना आडव्या दिशेने, म्हणजे त्याच मजल्यावर, सिग्नल पसरवते. वरच्या मजल्यासाठी एखादी आडवी केली तर थोडा फायदा होतो, पण स्लॅबचे २० डीबी त्याने भरून निघत नाहीत.

एक्स्टेंडर, म्हणजे प्लगमध्ये खोचायचा तो छोटा डबा, या घरासाठी विचारात घेतला नाही. तो बहुधा ज्या रेडिओवर ऐकतो त्याच रेडिओवर पुढे बोलतो, त्यामुळे वेग निम्मा होतो. बऱ्याचदा वेगळ्या नावाचं नेटवर्क तयार करतो आणि फोनला एकावरून दुसऱ्यावर जायला धड सांगतही नाही. एका खोलीत फक्त मेसेज आणि बिल भरणं एवढंच हवं असेल तर तो चालेल.

मेश घेताना खोक्यावरच्या मोठ्या आकड्याकडे पाहू नये. एएक्स ३००० म्हणजे ३००० एमबीपीएस मिळतील असं नाही. त्यात २.४ गिगाहर्ट्झचे ५७४ आणि ५ गिगाहर्ट्झचे २४०२ अशी बेरीज असते, आणि २४०२ हा आकडा १६० मेगाहर्ट्झ रुंदीच्या चॅनेलचा. आपले बहुतेक फोन ८० मेगाहर्ट्झवर, दोन अँटेनांनी जोडले जातात. तिथे वायफाय ६ चा जोडणी-वेग १२०१ एमबीपीएस आणि हातात येणारा वेग त्याच्या साधारण निम्मा ते दोन तृतीयांश. वायफाय ५ ला हाच आकडा ८६७. म्हणजे ३०० च्या प्लॅनला दोन्ही पुरतात, पण नोड एकमेकांशी वायफायवर बोलणार असतील तर वायफाय ६ घ्यावं. वायफाय ७ चं प्रमाणीकरण जानेवारी २०२४ मध्ये सुरू झालं. त्याचा खरा फायदा ६ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात आहे, आणि तो पट्टा भिंतीतून ५ गिगाहर्ट्झपेक्षाही कमी जातो. स्लॅबच्या घरात त्यासाठी जास्त पैसे मोजायची घाई आम्ही केली नाही. घेण्याआधी दोन गोष्टी मात्र नक्की तपासाव्यात: प्रत्येक नोडला निदान दोन लॅन पोर्ट आहेत का, आणि ते गिगाबिट, म्हणजे १००० एमबीपीएसचे, आहेत का. स्वस्त राउटरमध्ये वायफाय १२०० चं आणि पोर्ट १०० चे, असं सर्रास असतं. दुय्यम नोडला एकही पोर्ट नसलेले संचही बाजारात आहेत. अशा संचाला पुढे तार जोडता येत नाही, म्हणून ते घेऊच नयेत.

तीन नोडचा संच आणल्यावर आधी तारेशिवाय लावून पाहिला. मुख्य नोड ओएनटीजवळ, दुसरा पहिल्या मजल्यावर जिन्याच्या लँडिंगवर, तिसरा दुसऱ्या मजल्यावर जिन्याच्या तोंडाशी. जिन्याची जागा मुद्दाम. तिथे स्लॅबला भोक असतं आणि लहर त्यातून वर जाते. बहुतेक लोक नोड जिथे सिग्नल नाही त्याच खोलीत ठेवतात. त्याने फोनवर पट्ट्या भरतात आणि वेग तसाच राहतो, कारण नोडलाच उणे ८१ मिळतोय. नोड ठेवायचा तो जिथे मुख्य नोडचा सिग्नल उणे ६० ते उणे ६५ मिळतो तिथे, अंधाऱ्या खोलीच्या अलीकडे.

लँडिंगवर उणे ६२ मिळाला. मागच्या खोलीत मीटिंग सुरळीत झाली आणि वेग दीडशेच्या घरात आला. दुसऱ्या मजल्यावर मात्र ४० ते ५०. हिशेब सरळ आहे. दोन बँडच्या मेशमध्ये फोनशी बोलणं आणि मागच्या, म्हणजे ओएनटीच्या बाजूच्या, नोडशी बोलणं एकाच ५ गिगाहर्ट्झ रेडिओवर, एकाच चॅनेलवर होतं. एक बोलत असताना दुसऱ्याने गप्प बसायचं. म्हणून एका उडीला, म्हणजे एका नोडवरून दुसऱ्यावर जाताना, वेग निम्मा, दुसऱ्या उडीला तिसरा हिस्सा किंवा त्याहूनही कमी. शिवाय प्रत्येक उडीत विलंब वाढतो आणि तो सारखा राहत नाही. व्हिडिओ कॉलमध्ये आवाज रोबोटसारखा होतो तो वेगामुळे नव्हे, या कमी-जास्त होणाऱ्या विलंबामुळे. तीन बँडचे संच मागच्या नोडशी बोलायला वेगळा रेडिओ राखतात, त्यामुळे निम्मा होण्याचा प्रश्न बराचसा सुटतो. पण तो रेडिओही बहुधा ५ गिगाहर्ट्झचाच असतो आणि स्लॅब त्यालाही तसाच अडवतो.

भाड्याचा फ्लॅट असेल, भिंतीला हात लावता येत नसेल, तर इथेच थांबावं. दोन नोड पुरतात, दोघांच्या मध्ये एकच भिंत येईल असं पाहावं, आणि तिसरा नोड रांगेत न ठेवता मुख्य नोडभोवती दुसऱ्या दिशेला ठेवावा, म्हणजे कोणालाही दोन उड्या पडत नाहीत. दोन खोल्यांच्या फ्लॅटमध्ये तीन नोड कोंबले तर ते एकमेकांचीच हवा अडवतात. विजेच्या वायरिंगमधून इंटरनेट नेणारे पॉवरलाइन अडॅप्टरही मिळतात. घरात थ्री फेज जोडणी असेल आणि दोन खोल्या वेगवेगळ्या फेजवर असतील, किंवा मध्ये इन्व्हर्टर असेल, तर त्यांचा भरवसा नाही. परत करता येईल अशाच अटीवर घ्यावेत.

स्वतःचं घर असेल तर मात्र तार ओढावी. एवढा फरक दुसऱ्या कशानेही पडत नाही. कॅट ६ प्रकारची लॅन केबल, आतली तार अखंड आणि शुद्ध तांब्याची. बाजारात सीसीए लिहिलेली केबल निम्म्या किमतीत मिळते. तिच्यात अ‍ॅल्युमिनियमवर तांब्याचा मुलामा असतो. ती ठिसूळ असते, जॅकमध्ये दाबताना आत तुटते आणि काही महिन्यांनी संपर्क सुटतो. ओळखायची सोपी रीत: तार ब्लेडने खरवडावी, आत चंदेरी दिसलं तर परत करावी. एका तुकड्याची कमाल लांबी १०० मीटर, घरात तेवढी कधी लागत नाही. या घरात दोन नोडसाठी मिळून ४० मीटर पुरली. प्रत्येक टोकाला दीड मीटर जास्तीची सोडली होती आणि ती सोडावीच.

मार्ग शोधणं हे खरं काम. बऱ्याच घरांत केबल टीव्हीसाठी प्रत्येक खोलीत कन्सील्ड पाइप टाकलेला असतो आणि डिशची वायर आता वापरात नसते. ती जुनी वायर बाहेर काढतानाच तिच्या टोकाला मजबूत नायलॉनची दोरी बांधली आणि त्या दोरीने कॅट ६ आत घेतली. पाइप २५ मिलिमीटरचा असेल तर दोन केबल आरामात जातात. १९ किंवा २० चा असेल आणि वळणं जास्त असतील तर एकच. ओढताना झटका देऊ नये. चार जोड्यांच्या केबलला साधारण ११ किलोच्या वर ताण द्यायचा नसतो, नाहीतर आतल्या जोड्यांचा पीळ बिघडतो. पाइप अडला तर वायरमनकडची स्प्रिंग दुसऱ्या टोकाने घालावी आणि केबलला थोडी टाल्कम पावडर लावावी. २३० व्होल्टच्या वायरींच्या पाइपमधून लॅन केबल कधीही नेऊ नये. यात वेगाचा प्रश्न दुय्यम आहे. वायरचं आवरण सोललं गेलं तर करंट राउटरमध्ये आणि तिथून हातात येईल. वेगळा पाइप नसेल तर जिन्याच्या कडेने चिकटपट्टीचं केसिंग मारावं, भिंतीच्या रंगाचं मिळतं.

टोकं बांधताना दोन्हीकडे टी-५६८-बी हा एकच क्रम ठेवला: पांढरा-केशरी, केशरी, पांढरा-हिरवा, निळा, पांढरा-निळा, हिरवा, पांढरा-तपकिरी, तपकिरी. हिरव्या जोडीच्या दोन तारा निळ्या जोडीच्या दोन्ही बाजूंना येतात, हीच चुकीची जागा. दोन्ही टोकांना शेजारी शेजारी रंग लावून टाकले तर साधा लॅन टेस्टर आठही दिवे ओळीने दाखवतो, पण जोड्यांचा पीळ फुटलेला असतो आणि गिगाबिट टिकत नाही. पीळ १३ मिलिमीटरपेक्षा जास्त उलगडू नये आणि बाहेरचं आवरण जॅकच्या आतपर्यंत गेलेलं असावं, म्हणजे ताण तारांवर न येता आवरणावर येतो. भिंतीतल्या अखंड तारेला थेट प्लग लावण्यापेक्षा भिंतीवरच्या फेस प्लेटमध्ये की-स्टोन जॅक (लॅनचं सॉकेट) बसवला आणि तिथून नोडपर्यंत तयार पॅचकॉर्ड दिला. अखंड तार वारंवार वाकवली की तुटते, पॅचकॉर्डमधली बहुतारी वाकते.

यानंतर स्पीड टेस्ट ९४ च्या आसपास अडकली, तर इंटरनेट कंपनीला फोन लावू नये. तो आकडा १०० एमबीपीएसच्या जोडणीचा ठसा आहे. गिगाबिटला चारही जोड्या लागतात. निळ्या किंवा तपकिरी जोडीतली एक तार जरी नीट लागली नसेल, तरी दोन्ही यंत्रं आपसात ठरवून १०० वर उतरतात आणि कुठेही चूक दाखवत नाहीत. टोक कापून पुन्हा बांधायचं, एवढाच उपाय. दीड मीटर जास्तीची तार त्यासाठीच सोडलेली असते.

आता जोडणीचा क्रम, कारण इथे फार घोटाळे होतात. ओएनटीतून निघालेली केबल मुख्य नोडच्या वॅन पोर्टमध्ये, म्हणजे इंटरनेट आत घेणाऱ्या पोर्टमध्ये. मुख्य नोडच्या लॅन पोर्टमधून केबल पाच पोर्टच्या गिगाबिट स्विचमध्ये (एका लॅन केबलच्या अनेक करणारा डबा). स्विचमधून वरच्या दोन नोडना. ओएनटीतून सरळ स्विचमध्ये आणि तिथून तिन्ही नोडना, अशी जोडणी मेश राउटर मोडमध्ये (घरातल्या यंत्रांना नेटवर्कचे पत्ते मेशच वाटते) असताना केली, तर वरचे नोड मुख्य नोडला वगळून ओएनटीकडूनच पत्ता घेतात. मग कधी नेट चालतं, कधी प्रिंटर सापडत नाही, कधी नोड लाल होतो. स्विच साधा, अनमॅनेज्ड (काही सेटिंग नसलेला), पंखा नसलेला पुरतो. काही स्विच मेशच्या नोडचे आपसातले निरोप पुढे जाऊ देत नाहीत. तेव्हा तार लावूनही अ‍ॅपमध्ये नोड वायरलेसच दिसतो. स्विच वगळून केबल थेट नोडमध्ये घातल्यावर तो तारेवर दिसला, तर दोष स्विचचा. आणि एकाच नोडमधून स्विचकडे चुकूनही दोन केबल नेऊ नयेत. त्यातून फेरा तयार होतो, सगळे दिवे एकसारखे फडफडू लागतात आणि घरभर नेट बंद पडतं.

ओएनटीचं काय करायचं, याचे दोन मार्ग. एक, ओएनटी ब्रिज मोडमध्ये (राउटरचं काम सोडून इंटरनेट नुसतं पुढे देणारा) टाकून घेणं आणि कंपनीने लाइनवर लॉगिनसाठी दिलेलं पीपीपीओई यूझरनेम-पासवर्ड मुख्य नोडमध्ये भरणं. हे बहुतेक वेळा कंपनीकडूनच करून घ्यावं लागतं. ओएनटीला लँडलाइनचा फोन किंवा टीव्हीचा बॉक्स जोडलेला असेल, तर ब्रिज केल्यावर ते चालतील का हे आधी विचारून घ्यावं. काही कंपन्या यंत्राचा मॅक पत्ता, म्हणजे त्याचा ओळख क्रमांक, बांधून ठेवतात. तसं असेल तर तो नव्या राउटरमध्ये क्लोन करावा लागतो किंवा कंपनीकडून मोकळा करून घ्यावा लागतो. दुसरा मार्ग, ओएनटी आहे तसा राउटर ठेवून मेश अ‍ॅक्सेस पॉइंट मोडमध्ये, म्हणजे फक्त वायफाय पसरवायला, चालवणं. मग स्विच ओएनटीला लावला तरी बिघडत नाही. पण मुलांच्या फोनवरची वेळेची बंधनं यांसारख्या मेशच्या सोयी या मोडमध्ये बऱ्याचदा बंद होतात. या घरात लँडलाइन ओएनटीवरच होती आणि ती सोडायची नव्हती, म्हणून दुसरा मार्ग घेतला. दोन्ही यंत्रं राउटर म्हणून एकामागे एक ठेवली तर साधं ब्राउझिंग चालतं, पण सीसीटीव्ही बाहेरून पाहणं आणि काही गेम अडतात. दोघांचाही पत्ता १९२.१६८.१.१ असेल तर काहीच धड चालत नाही. कोणताही मार्ग घ्या, ओएनटीचं स्वतःचं वायफाय बंद करा. ते चालू राहिलं तर फोन त्याला चिकटून राहतात आणि मेशची हवाही तेच खातं.

जुन्या वायफायचं नाव आणि पासवर्ड हेच नव्या मेशला दिले. त्यामुळे टीव्ही, प्रिंटर, स्मार्ट बल्ब, घरातल्या ज्येष्ठांचे फोन, सगळे आपोआप जोडले गेले आणि प्रत्येकामागे फिरावं लागलं नाही. पासवर्डच्या सुरक्षेची पद्धत मात्र डब्ल्यूपीए २ ठेवली, कारण जुने बल्ब आणि कॅमेरे डब्ल्यूपीए ३ ओळखत नाहीत.

रेडिओच्या सेटिंगमध्ये २.४ गिगाहर्ट्झची रुंदी २० मेगाहर्ट्झ केली आणि चॅनेल १, ६, ११ यांपैकीच ठेवले. या पट्ट्यात एकमेकांवर न चढणारे तीनच चॅनेल आहेत. शेजाऱ्यांचं वायफाय ६ वर असताना आपण ४ वर बसलो, तर दोघांचंही नुकसान होतं. ४० मेगाहर्ट्झ केलं तर सोसायटीच्या गर्दीत ते आणखी बिघडतं. ५ गिगाहर्ट्झला ८० मेगाहर्ट्झ आणि चॅनेल ३६ ते ४८ किंवा १४९ ते १६१ या गटांतला. मधले ५२ ते १४४ हे चॅनेल रडारसोबत वाटून घेतलेले आहेत. त्यांवर राउटरला सुरू होण्याआधी निदान एक मिनिट कान देऊन ऐकावं लागतं आणि रडारची चाहूल लागली की लगेच चॅनेल सोडावा लागतो. विमानतळाजवळच्या घरांत नेट दिवसातून अधूनमधून मिनिटभर गायब होतं, त्यामागे हे कारण असू शकतं. १६० मेगाहर्ट्झ रुंदी निवडली की हे चॅनेल आपोआप त्यात येतात, म्हणून ती बंद केली. बऱ्याच मेशच्या अ‍ॅपमध्ये चॅनेल हाताने ठरवता येत नाही, फक्त ऑप्टिमाइझचं बटण असतं. ते रात्री नऊच्या सुमारास, शेजारपाजारचे सगळे घरी आणि नेटवर असताना दाबावं. दुपारच्या शांत हवेत निवडलेला चॅनेल रात्री भरलेला निघतो.

जिन्याने चालताना कॉल न तुटता फोन एका नोडवरून दुसऱ्यावर जायला हवा. उडी कधी मारायची हे शेवटी फोन ठरवतो, मेश फक्त सुचवते. ८०२.११ के आणि व्ही या दोन सोयी त्यासाठी असतात, त्या चालू ठेवाव्यात. तिसरी, ८०२.११ आर, उडी जलद करते, पण काही जुने प्रिंटर आणि लॅपटॉप ती चालू असताना जोडलेच जात नाहीत. असं झालं तर तेवढी बंद करावी. फोन खालच्याच नोडला चिकटून राहत असेल तर लोक नोडची शक्ती वाढवतात. करायचं उलट असतं. नोड जोरात बोलतो आणि फोनचा आवाज त्याच्यापर्यंत पोचत नाही, म्हणून पट्ट्या भरलेल्या दिसतात आणि कॉल अडतो. शक्ती मध्यमवर आणली की फोन वेळेवर पुढच्या नोडकडे वळतो.

स्मार्ट बल्ब, गिझरचा प्लग, दारावरचा कॅमेरा ही यंत्रं बहुधा फक्त २.४ गिगाहर्ट्झवर चालतात. नवीन जोडताना फोन ५ वर असेल तर काहींचं अ‍ॅप त्यांना शोधत बसतं. बहुतेक मेशमध्ये या यंत्रांसाठी वेगळं २.४ चं नेटवर्क करता येतं, ते केलं आणि घरातल्या संगणकांपासून ती वेगळी राहिली हेही बरं झालं.

वीज गेल्यावरचा विचार आधीच करावा. ओएनटी, मुख्य नोड, स्विच आणि वरचे दोन्ही नोड, या साखळीतलं एक जरी बंद पडलं तरी तिथून पुढचं नेट जातं. इन्व्हर्टर असेल तर हे सगळे प्लग इन्व्हर्टरच्या लाइनवर आहेत का ते मेन बंद करून पाहावं. या घरात जिन्याचा पॉइंट त्या लाइनवर नव्हता, तो वायरमनकडून घेतला. इन्व्हर्टर नसेल तर १२ व्होल्टचा मिनी यूपीएस पुरतो. अडॅप्टरवर लिहिलेले अँपिअर बघून घ्यावा, दीड अँपिअरच्या नोडला एक अँपिअरचा यूपीएस दिला तर तो सुरू होतो आणि भार वाढला की रीस्टार्ट होतो. पिन बहुधा ५.५ बाय २.१ मिलिमीटरची असते. २.५ ची पिन जवळपास तशीच दिसते आणि सैल बसते.

गच्चीवरच्या खोलीत किंवा अंगणापलीकडच्या आउटहाउसमध्ये नेट हवं असेल, तर तांब्याची केबल उघड्यावरून नेऊ नये. जूनच्या पहिल्या गडगडाटात जवळपास वीज पडली तर तारेत उसळणारा दाब दोन्हीकडचे पोर्ट जाळतो. त्या टप्प्यासाठी फायबर आणि दोन मीडिया कन्व्हर्टर (फायबर आणि लॅन केबल जोडणारे डबे) वापरावेत, काचेतून वीज वाहत नाही. आतल्या आत पाइपमधून नेता आली तर तांब्याची चालेल. बाहेरून येणारी कोणतीही केबल भिंतीत शिरण्याआधी खाली झोका देऊन मग वर आत घ्यावी, म्हणजे पाणी झोक्यावरून टपकतं आणि डब्यात उतरत नाही.

शेवटी पुन्हा त्याच कागदावर, त्याच जागी उभं राहून मोजणी. पहिल्या मजल्यावरच्या मागच्या खोलीत उणे ५४ आणि वेग २८० च्या पुढे. दुसऱ्या मजल्यावर उणे ४८ आणि वेग तेवढाच. घरातल्या घरात काय होतं हे पाहायला खालच्या एका लॅपटॉपवर तारेने आयपर्फ ३ या वेग मोजणाऱ्या सॉफ्टवेअरचा सर्व्हर चालवला आणि वरच्या खोलीतून वायफायवर चाचणी घेतली, तर ६०० च्या आसपास मिळाले. म्हणजे प्लॅन ५०० चा केला तरी घर अडवणार नाही. व्हिडिओ कॉल चालू ठेवून तळमजल्यापासून गच्चीच्या दारापर्यंत जाऊन खाली आलो, तो तुटला नाही. तळमजल्यावरच्या बाथरूममागच्या धुण्याच्या जागेत अजूनही उणे ७३ आहे. वॉशिंग मशीन तिथे २.४ वर व्यवस्थित जोडलेलं राहतं, म्हणून चौथा नोड घेतला नाही.